पटावर सतरा, वर्गात अकरा

मार्चमधे आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची तपासणी झाली आणि शेरा मिळाला 'उत्तम'. जूनच्या शेवटी शाळा उघडली (आमच्याकडे विदर्भात ऊनच एवढं की शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडते) तर पहिल्याच आठवड्यात पाच जणांचे दाखले काढून मायबाप त्यांना तालुक्याच्या कान्व्हेंटमधे टाकून मोकळे. म्हणजे साहेब म्हणतात शाळा उत्तम, गाव म्हणते शाळा बेकार, आणि गंमत अशी की या दोघांपैकी एकानंही वर्गात बसून एखाद्या पोट्ट्याला 'हे वाच बरं' म्हटलेलं नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, माझी पोरगी तिथंच चौथीत आहे, त्यामुळे मी काही तटस्थ वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाच्या पट्ट्यातलं. शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षक, एक सर आणि एक मॅडम. पट बावीस होता तो दाखल्यांनंतर सतरा झाला. या सतरातले आठ जण पोडावरचे, म्हणजे कोलाम वस्तीवरचे, बाकी बहुतेक मजुरांची लेकरं, ज्यांच्याकडे स्वतःचं वावर नाही किंवा असलं तर एक-दोन एकर कोरडवाहू. ज्याच्या घरी बोअर आहे, ट्रॅक्टर आहे, नोकरी आहे, त्याचं पोट्टं सकाळी साडेआठला पिवळ्या व्हॅनमधे बसतं. हे सगळं तुमच्या गावातही असंच असेल, नवीन काही नाही. पण या सगळ्यातून 'शाळा चांगली की वाईट' हे आपण कसं ठरवतो, तिथं मला घोळ दिसतो.

जे पाच गेले ते कोण होते? वर्गात ज्यांना धडाधड वाचता येत होतं त्यातले चार त्यात होते. साहजिक आहे, ज्याच्या घरी फी भरायची ऐपत आहे त्याच्याच घरी पेपर येतो, आजोबा पाढे घेतात, मोबाईलला डेटा असतो. आता ते गेल्यावर शाळेची सरासरी धाडकन खाली आली. मास्तर तेच, फळा तोच, पुस्तक तेच, शिकवण्यात कणभर फरक नाही, आणि एका आठवड्यात शाळेची 'गुणवत्ता घसरली'. तिकडे कान्व्हेंटची त्याच आठवड्यात वाढली, त्यांनी त्या पोरांना अजून ए बी सी डी पण शिकवली नव्हती. हे असं मोजमाप असेल तर आपण शाळा मोजतच नाही, आपण मोजतो की त्या शाळेत कोणाची पोरं जातात. वजनकाट्यावर पोतं ठेवायचं आणि वजन काट्याचं धरायचं, तसं झालं हे.

आणि मग हे चक्र फिरतच राहतं. पोरं गेली की पट कमी, पट कमी की वरून कुजबुज सुरू, शाळा बंद होते काय, समूह शाळेत (आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी) टाकतात काय. २१ सप्टेंबर २०२३ ला कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करायचं पत्र निघालं तेव्हा वीसच्या आत पट असलेल्या राज्यातल्या चौदा हजारांवर शाळा चर्चेत आल्या होत्या, तेव्हा आमच्याकडे पट बावीसच्या वर होता म्हणून आम्ही निश्चिंत होतो, आता सतरावर आलो. ज्याच्या मनात नव्हतं तो पण मग म्हणतो, शाळाच राहायची नाही तर आत्ताच काढलेलं बरं. मग पट हा शाळेच्या दर्जाचा पुरावा कसा काय धरायचा? तो अफवेचा पुरावा आहे फार तर.

कान्व्हेंटमधे टाकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, मायबाप आहे, जीव तुटते त्यांचा. पण तिथं जाऊन खरंच जास्त शिकतात का, हे कोणी मोजलंय का? मोजलंय. २००८ पासून चार वर्षं आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत एक अभ्यास केला, गरीब घरच्या पोरांची चिठ्ठ्या टाकून निवड केली, ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना खाजगी शाळेची फी दिली, ज्यांची निघाली नाही ते सरकारीतच राहिले. चिठ्ठीवरच सगळं, म्हणजे घर, ऐपत, मायबापाची हौस दोन्हीकडे सारखीच. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखेच निघाले! हिंदीत खाजगीवाले पुढे होते, कारण सरकारी शाळेत हिंदीला जवळजवळ वेळच नव्हता. आता यातली दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर कोणी म्हणेल सोयीचं तेवढंच सांगते, त्या खाजगी शाळा हे सगळं सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात करत होत्या. म्हणजे सरकारी शाळेनं छाती फुगवायची गरज नाही. पण बाहेरून जो फरक आपल्याला डोंगराएवढा दिसतो तो बराचसा पोरं घरूनच घेऊन येतात, एवढं त्यातून कळतं.

मग मोजायचं काय? माझं सरळ म्हणणं आहे, पोरगं कुठं पोचलं हे पाहू नका, कुठून निघालं आणि वर्षभरात किती चाललं ते पाहा. पोडावरचं लेकरू पहिलीत येतं तेव्हा घरी कोलामी बोलणारं असतं, मराठी त्याच्या कानावर पडलेली असते ती किराणा दुकानात नाहीतर बाजारात. ते जानेवारीत 'कमल नमन कर' वाचत असेल तर त्या शाळेनं केवढं अंतर कापलं याचा हिशोब करा. आणि ज्याच्या घरी माय बीए झालेली आहे ते जूनमधेच वाचत आलं होतं आणि जानेवारीतही तेवढंच वाचते, तर त्या शाळेनं केलं काय? फी घेतली.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेतही हाच झगडा आहे, तिथं तर शाळेच्या गुणांवरून घराच्या किमती ठरतात, गरीब वस्तीतली शाळा म्हणजे बेकार शाळा असं लोक धरूनच चालतात. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या परीक्षांचे कोट्यवधी निकाल घेऊन २०१७ मधे दाखवलं की सरासरी गुण पाहिले तर ते पोरांच्या गरिबी-श्रीमंतीला चिकटूनच चालतात, पण दर वर्षी पोरं किती पुढं सरकतात हे पाहिलं तर तो संबंध फारच ढिला पडतो. शिकागो शहराच्या सरकारी शाळा, बहुतेक पोरं गरीब, तिसरीत देशाच्या सरासरीच्या मागं, आणि तिसरी ते आठवी या पाच वर्षांत तीच पोरं सहा वर्षांएवढं शिकतात. पाचात सहा! नुसता निकाल पाहणाऱ्याला ते आठवीतही दिसलं नसतं, मागून धावत आलेलं पोरगं फोटोत मागंच दिसते ना.

आता कोणी म्हणेल, मग करा परीक्षा जूनमधे आणि मार्चमधे, लावा आकडे, द्या शाळेला नंबर. इथं मी जरा थांबतो. आमच्या तिसरीत चार पोरं आहेत. चार. एक पोरगा डिसेंबरात मायबापासोबत वीटभट्टीवर गेला तर शाळेचा निकाल शंभराचा पंच्याहत्तर. तो परत आला आणि चारही पास झाले तर 'पंचवीस टक्क्यांची झेप', पेपरात फोटो. चार पोरांची टक्केवारी काढणं म्हणजे चार ढेपा चाखून गाडीभर गुळाचा भाव करण्यासारखं. 'असर' नावाचं सर्वेक्षण देशभर पोरांचं वाचन-गणित तपासते, ते लोक २००५ पासून हे काम करतात, तेही एका जिल्ह्यातली तीस गावं आणि गावातली वीस घरं घेऊन जिल्ह्याचा आकडा देतात, गावाचा किंवा शाळेचा देत नाहीत, कारण तेवढ्यावर बोलता येत नाही हे त्यांना माहीत आहे. आणि त्यांची अजून एक गोष्ट मला फार पटते, ते पोरांची चाचणी शाळेत घेत नाहीत, घरी जाऊन घेतात. शाळेत गेलात तर त्या दिवशी आलेलीच पोरं भेटतील, जी आली नाहीत ती कोणाच्याच आकड्यात नाहीत. २०२४ च्या असरमधे देशभरच्या सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के पोरांना दुसरीचा उतारा वाचता आला, २०२२ मधे हेच १६.३ होतं. म्हणजे शंभरातल्या सत्त्याहत्तर लेकरांना येत नाही, तर सरकारी शाळेची बाजू घ्यायची म्हणून मी हे झाकून ठेवणार नाही.

आकड्यांची दुसरी भीती वेगळी आहे. वरून सांगितलं शंभर टक्के पाहिजे, की खालून शंभर टक्के येतात. अमेरिकेत २००२ मधे कायदा झाला की २०१४ पर्यंत प्रत्येक पोरगं भाषा-गणितात प्रवीण झालंच पाहिजे, नाहीतर शाळेवर कारवाई. मग अटलांटा शहरात २०११ मधे चौकशी झाली तेव्हा ४४ शाळांतले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांच्या घोळात सापडले, पोरांची चुकलेली उत्तरं खोडून बरोबर करत होते. बहुतेक गरीब वस्तीच्या शाळा. आपण हसायचं कारण नाही. मी दुसऱ्या एका गावच्या शाळेत भाच्याचं प्रगतिपत्रक पाहिलं होतं, नाव नाही सांगत, चौथीत होता, गणितात 'अ-२'. म्हटलं बाजारातून आणायच्या सामानाचा हिशोब कर, बावन्नातून सत्तावीस गेले किती? पोट्टं बोटं मोजत बसलं आणि म्हणालं पस्तीस. हातच्याची वजाबाकीच येत नव्हती त्याला. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, खाली ठेवला तर आम्हालाच नोटीस येते, आम्ही काय करावं? त्यांचंही खोटं नव्हतं. पण त्या 'अ-२' मुळे त्या पोराकडे दोन वर्षं कोणी पाहिलंच नाही, कागदावर त्याला काही अडचणच नव्हती ना.

म्हणून मी आता एकच करतो. दिवाळी झाली, वेचणी जोरात आली, की एखाद्या मंगळवारी-बुधवारी न सांगता शाळेत जाऊन बसतो. जून-जुलैत सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात, नवीन पुस्तकं, गणवेश, प्रवेशोत्सव, बैलबंडीतून मिरवणूक. गरीब गावातली शाळा पाहायची तर नोव्हेंबरात पाहावी.

गेल्या नोव्हेंबरात गेलो तेव्हा वर्गात सतरा-अठरा तरी होते, पण या वर्षी पटावर सतरा आणि वर्गात अकरा. सर नव्हते, पंचायत समितीला मिटिंग. (शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम म्हणते जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका, आणि त्या मिटिंगा, ऑनलाइन माहित्या, फोटो अपलोड या कशातच बसत नाहीत, त्या नुसत्याच असतात. दोन शिक्षकांची शाळा, एक गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर.) मी मॅडमला विचारलं, सहा जण कुठं गेले? त्यांनी हजेरी उघडली नाही. तोंडानंच सांगितलं, दोघं भाऊ मायबापासोबत वीटभट्टीवर, एकाला ताप, एक आजीकडे गेला, एक पोरगी येतच नाहीये आठ दिवस झाले, आज संध्याकाळी मी तिच्या घरी जाणार आहे, आणि तिसरीतली ती, ती धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) असेल पाहा भावाला घेऊन.

येताना मी त्या वावराकडून आलो. खरंच धुऱ्यावर होती, कडुनिंबाच्या सावलीत, दीड वर्षाचा भाऊ ओढणीच्या झोळीत आणि ही बाजूला बसलेली. नऊ वर्षांची पोट्टी. मायला म्हटलं, "काहून ओ, पोरीले शाळेत नाही पाठवलं?" ती सरळ उभी राहिली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली, म्हणाली, "पाठवतो ना भाऊ, पन याले कोन पाहीन? किलोवर मजुरी हाय, लेकरू कडेवर घेऊन काय येचू मी? मॅडम बी येऊन गेल्या काल. वेचनी सरली का पाठवतोच." पोरीच्या हातात शाळेचं गोष्टीचं पुस्तक होतं, मॅडमनीच दिलेलं. वाच म्हटलं. तिनं वाचलं, जोडाक्षराला अडखळली, 'प्रश्न' ला 'परश्न' म्हणाली, पण गोष्ट काय आहे ते विचारल्यावर बरोबर सांगितलं, आणि कोल्ह्याला मूर्ख पण म्हणाली, जे पुस्तकात नव्हतं.

मॅडमजवळ एक दोनशे पानी वही आहे, कव्हर फाटलेलं. प्रत्येक पोराला एक पान. त्या पोरीच्या पानावर पहिलीच्या जूनची नोंद होती की बारा अक्षरं ओळखते, बोलत नाही. मग दिवाळीआधी काना-मात्रा. मग दुसरीचं वर्ष, त्यात तीन आठवडे गैरहजर, पुढं लिहिलेलं की मागचं विसरली नाही. पोडावरच्या पोरांच्या पानांच्या कडेला पाणी, भाकर, ढोर अशा शब्दांना कोलामीत काय म्हणतात ते देवनागरीत लिहून ठेवलेलं, कोणी शिकवलं तर म्हणे पोरांनीच. ही वही कोणी मागितलेली नाही, कुठल्या पोर्टलवर ती चढवता येत नाही. मार्चच्या तपासणीत साहेबांनी भिंतीवरचे रंगवलेले पाढे, हँडवॉश स्टेशन, परसबाग आणि स्मार्ट टीव्ही पाहिला. टीव्ही चालू करून पाहिला असता तर कळलं असतं की बिल थकल्यामुळे लाइट कापलेली आहे. वही टेबलावरच होती.

आता मी एवढं मॅडमचं कौतुक केलं म्हणून सगळं गोड आहे असं नाही. सर अप-डाऊन करतात, जिल्ह्याच्या ठिकाणाहून, आणि बसच्या वेळेवर शाळेची वेळ ठरते. त्यांच्या वर्गाची अशी वही नाही. त्यांना विचारलं की पोरं काहून मागं आहेत, तर उत्तर ठरलेलं, "घरी वातावरणच नाही ना, मायबाप लक्ष देत नाहीत, आपण किती करणार." गरिबी मोजा, घरची परिस्थिती धरा, असं मी म्हणतो तेव्हा माझ्याच वाक्याचा असा वापर होतो हे मला माहीत आहे. पण म्हणूनच तर चाललेलं अंतर मोजायचं. सरासरीत सर आणि मॅडम दोघंही सारखेच नापास, किंवा 'उत्तम' शेऱ्यात दोघंही सारखेच पास. अंतर मोजलं तर तीच पोडावरची, तीच धुऱ्यावरची पोरं एकाच्या वर्गात सरकतात आणि दुसऱ्याच्या वर्गात जागेवर राहतात हे उघडं पडते. गरिबीचं कारण तिथं चालत नाही, गरिबी दोन्ही वर्गांत एकच आहे.

खिचडीबद्दल एक सांगायचं राहिलं. प्राथमिकच्या पोराला शंभर ग्रॅम तांदूळ, साडेचारशे कॅलरी, बारा ग्रॅम प्रथिनं हे कागदावर. आमच्या स्वयंपाकीण बाई म्हणतात, "सोमवारी जास्त रांधा लागते." का, तर रविवारी शाळा नसते. हे वाक्य मी समितीच्या बैठकीत सांगितलं तर कोणी काही बोललं नाही, इतिवृत्तातही आलं नाही. पण शाळा चांगली की वाईट ठरवताना तिनं त्या पोटाचं काय केलं हे धरायचं की नाही? मला वाटते धरायचं, मात्र त्यावरच थांबायचं नाही, खिचडी दिली म्हणजे शाळा झाली असंही काही जण समजतात.

समितीत निम्म्या बाया पाहिजेत आणि निदान पाऊण हिस्सा पालक पाहिजेत असा कायदाच आहे, आमच्यात तेवढ्या आहेतही, सह्या घरपोच घेतल्या जातात. या वेळी मी हट्ट धरला की बैठक वेचणीत घ्यायची तर संध्याकाळी सातला घ्या, बाया वावरातून येतील तेव्हा. घेतली. चार बाया आल्या, त्यात ती धुऱ्यावरच्या पोरीची मायही होती. दोन तास वही वाचली, एकेक पान, ज्याचं लेकरू त्याच्यासमोर. सरांना म्हटलं तुमच्याही वर्गाची अशी करा. ते बरं म्हणाले. करतात का ते संक्रांतीनंतर पाहणार आहे. भाऊ सांभाळायचा प्रश्न तिथंच निघाला, अंगणवाडी दुपारी लवकर सुटते आणि वेचणी पाचपर्यंत चालते, मधले तीन तास लहान लेकरांचं काय करायचं. एका म्हातारीनं तयारी दाखवली आहे, तिला काय द्यायचं ते ठरायचंय.

परवा पानठेल्यावर शेजारचा भेटला, त्याची लहानी पुढच्या वर्षी पहिलीत. म्हणे, "तू त समितीवर हायस, खरं सांग, आपल्या शायेत टाकू का कान्व्हेंटले?" मी म्हटलं, मला विचारू नको, बुधवारी दुपारी ये, वर्गात मागं बस, आणि मॅडम ज्याला उभं करतील त्याला नाही, तुला जो आवडेल त्याला वाचायला लाव. मग कान्व्हेंटमधेही जा आणि तिथंही असंच वर्गात बसू देतात का विचार. तो हो म्हणाला. दोन बुधवार गेले, आला नाही अजून. व्हॅनवाला मात्र त्याच्याकडे जाऊन आला म्हणे, जागा पक्की करायची तर पाचशे रुपये ॲडव्हान्स.